लिंकन यांनी तो खटला जिंकलाच नव्हता

लिंकन यांनी आगबोटवाल्यांना न्यायालयात चारी मुंड्या चीत केले आणि रेल्वेला नद्या ओलांडण्याचा हक्क मिळवून दिला, ही कथा हौशी इतिहासकथनात वर्षानुवर्षे फिरते आहे. ऐकायला झकास, दप्तरापुढे मात्र ती टिकत नाही.

एप्रिल १८५६मध्ये मिसिसिपीवरचा पहिला रेल्वेपूल खुला झाला : अलीकडे इलिनॉयचे रॉक आयलंड, पलीकडे आयोवाचे डेव्हनपोर्ट. पंधरवडा उलटतो न उलटतो तोच, ६ मे रोजी, 'एफी ऍफ्टन' ही आगबोट पुलावर आदळून पेटली. पुलाचा एक गाळाही जळाला. बोटमालकाने पुलाच्या कंपनीवर भरपाईचा दावा लावला. सप्टेंबर १८५७मध्ये तो शिकागोत चालला, तेव्हा कंपनीच्या वकिलांत अब्राहम लिंकन होते.

नदीतून वरखाली जाण्याचा जितका हक्क, तितकाच ती ओलांडण्याचाही, हा त्यांचा मुद्दा. अकरा महिन्यांत पुलावरून मालाच्या १२,५८६ वाघिणी आणि ७४,१७९ प्रवासी गेल्याचे त्यांनी सांगितले; नदी गोठली की बोटी थांबतात, गाडी थांबत नाही, हेही. पण पूल वाटेल तसा बांधावा असे ते म्हणालेच नाहीत. पुलाने जलवाहतुकीस खरोखर मोठा अडथळा होतो का, आणि बोट पुरेशा काळजीने हाकली होती का, एवढ्यावरच त्यांनी भर दिला.

ज्यूरीचे एकमत झाले नाही. निकालच लागला नाही! पुलाच्या बाजूने सर्वोच्च न्यायालय बोलले ते १८६२मध्ये, आणि तेही दुसऱ्याच खटल्यात.

हक्काची किल्ली तर न्यायालयाकडे नव्हतीच. ओहायो नदीवरील व्हीलिंगचा झुलता पूल १८५२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा अडथळा ठरवला. त्याच वर्षी संसदेने कायदा करून तो वैध केला आणि १८५६मध्ये न्यायालयाने मान तुकवली. (या प्रसंगाचा उल्लेख लिंकनभक्तांच्या कथेत क्वचितच आढळतो.) पुढे १८६६च्या कायद्याने मिसिसिपीवरील पुलांना गाळ्यांच्या रुंदीच्या अटी घातल्या. रेल्वेला मिळाली ती सशर्त परवानगी. तिला उपजत हक्क म्हणणे ही कंपन्यांची भाषा झाली.

आगबोटवाल्यांना प्रगतीचे शत्रू ठरवणेही तितकेच सोपे. सेंट लुईसच्या व्यापाऱ्यांचा स्वार्थ होता, हे खरे. पण खांबांभोवती आडवे प्रवाह उसळतात ही तक्रार काही केवळ कांगावा नव्हती. सर्वोच्च न्यायालयात तगलेला तो पूल अखेर उतरवावाच लागला. १८७२मध्ये सरकार आणि रेल्वे कंपनी यांनी मिळून नवा पूल बांधला, तो दुसऱ्या जागी.