बिनतारी करार आणि दर्यावरची रयत

उत्तनच्या कोळी बांधवांची होडी तुफानात सापडली म्हणजे तिच्या हाकेस सरहद्द ठाऊक नसते. बिनतारी लहर जशी मुंबईची नव्हे, तशी गोव्याचीही नव्हे. तथापि या लहरीवर पहारा बसविण्याची तत्परता कंपन्यांनी व सरकारांनी प्रारंभापासूनच दाखविली, असे इतिहास सांगतो.

मार्कोनी कंपनीची स्थानके आरंभी अन्य बनावटीच्या यंत्रांशी संदेशांची देवघेव करण्याचे नाकारीत. शेजाऱ्याशी बोलण्यापूर्वी त्याचे यंत्र कोणत्या कारखान्यातले हे विचारावे, असाच हा न्याय! अखेर १९०६ साली बर्लिन येथे अनेक राष्ट्रांनी वाटाघाटी करून ठरविले की, यंत्र कोणत्याही पद्धतीचे असो, किनाऱ्यावरील स्थानकाने जहाजाचा संदेश घेतलाच पाहिजे, आणि संकटाच्या हाकेस अग्रमान दिला पाहिजे. १९१२ साली टायटॅनिक बुडाल्यावर थोड्याच आठवड्यांत लंडन येथे परिषद भरली व तिने जहाजाजहाजांतील संदेशांसही हाच नियम लागू केला.

लंडनच्या करारावर ब्रिटिश हिंदुस्थानच्या नावाने सही झाली, तशीच पोर्तुगीज वसाहतींच्या नावानेही झाली. नियम उत्तम होता, हे आम्ही मोकळ्या मनाने कबूल करतो. परंतु ज्या एकाच कोकण किनाऱ्यावर हे दोन अंमल शेजारी नांदत होते, तेथील दर्यावर्दी रयतेचा प्रतिनिधी त्या मेजाशी नव्हता.

रयतेस वगळून झालेल्या तहाचे फळ काय, हे भाईंदरच्या मिठागरवाल्यांस लवकर उमगेल. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने मुरगावास रेल्वे जोडण्याचा मार्ग मोकळा झाला. पण त्याच तहाने गोव्यातील मिठाचे उत्पादन इंग्रजांच्या ताब्यात गेले. मोबदल्यादाखल वर्षाला चार लाख रुपये पोर्तुगीज सरकारास मिळू लागले. १८९२ साली तह संपला, तोवर मिठागरांवर पोट असणाऱ्यांनी काय सोसले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. दळणवळण वाढले, पण त्याची किंमत भलत्यानेच भरली.

आता राज्य आपले आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे मच्छीमार नौकांच्या दळणवळण योजनेचा प्रारंभ झाला. सुमारे ३६० कोटी रुपये खर्चून १३ किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत एक लाख ट्रान्सपॉन्डर बसविण्याचा तिचा संकल्प आहे. योजनेचे आम्ही स्वागत करतो. मात्र आमचे मागणे स्पष्ट आहे. संदेश मराठीत मिळावा, यंत्र बिघडल्यास दुरुस्ती बंदरातच व्हावी, आणि होडी गुजरातच्या पाण्यात असो वा गोव्याच्या, तिच्या हाकेस जवळच्या ठाण्याने उत्तर द्यावे. देखरेखीच्या समितीत मच्छीमार संस्थांस जागा असावी, हेही तितकेच अगत्याचे.

बर्लिनचा नियम परक्यांनी केला, तरी तो न्याय्य होता. तोच नियम आपल्या लोकांना विचारून राबविणे, हे स्वराज्याचे काम होय. उत्तन-भाईंदरच्या संस्थांनी आपली मागणी लेखी सादर करावी, आणि ज्यांचा धंदा मासळीवर चालतो त्या व्यापाऱ्यांनी तिच्यावर सही करण्यास मागे राहू नये.