सौर इन्व्हर्टरची भाषा आणि घरधन्याचा हक्क

खानदेशात ऊन ही पूर्वापार सोसण्याची गोष्ट मानली गेली. जळगाव, भुसावळ, रावेर या पट्ट्यात वैशाखात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा केळीच्या बागेला पाण्याची आणि माणसाला सावलीची चिंता लागते. आता तेच ऊन घराच्या छतावर वीज निर्माण करू लागले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र शासनाने प्रधानमंत्री सूर्यघर योजना सुरू केली. तीत पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत प्रत्येक किलोवॅटला ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये, असे एकूण ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठरविण्यात आले. त्यामुळे शेतकरी कुटुंबांच्या घरांवरही सौर पटले दिसू लागले आहेत. हा बदल स्वागतार्ह आहे. परंतु त्यातील एका बाबीकडे खरेदीच्या वेळी सहसा कोणाचे लक्ष जात नाही, आणि पुढे तीच बाब घरधन्यास महाग पडते. ती बाब म्हणजे इन्व्हर्टरची भाषा.

पटलांत निर्माण होणारा प्रवाह घरातील उपकरणांस चालेल अशा रूपात आणण्याचे काम इन्व्हर्टर करतो. घरात पाण्याची टाकी भरणारी मोटर असते, पिठाची घरगुती चक्की असते, गीझर असतो. काही घरांत बॅटरीही असते. सूर्य माथ्यावर असताना कोणते काम उरकावे, बॅटरी केव्हा भरावी आणि रात्री वीज गेल्यास ती कोणासाठी राखावी, हे ठरविणारे लहानसे यंत्र आता बाजारात मिळते. त्याला गृह-वीज-नियोजन यंत्र म्हणता येईल. या यंत्राला निर्णय करावयाचा तर या घटकेला किती वीज निर्माण होत आहे, हे इन्व्हर्टरने त्याला सांगावयास हवे. इन्व्हर्टर एका कंपनीचा, बॅटरी दुसरीची आणि नियोजन यंत्र तिसरीचे असले, म्हणजे अडचणीस प्रारंभ होतो.

या यंत्रांच्या संभाषणासाठी मॉडबस नावाची एक पद्धत रूढ आहे. ती १९७९ मध्ये कारखान्यांतील यंत्रांसाठी निघाली आणि आज बहुतेक इन्व्हर्टरांत तिची सोय असते. परंतु लिपी एक असली म्हणून शब्दकोश एक असतो असे नाही. एका कंपनीने वीजनिर्मितीचा आकडा ज्या क्रमांकाच्या नोंदीत ठेवला, त्याच क्रमांकावर दुसरीने तापमान ठेवलेले असते. कोणी नोंदी शून्यापासून मोजतो, कोणी एकापासून. बाहेर जाणारी वीज एकजण अधिक चिन्हाने दाखवितो, तर दुसरा उणे चिन्हाने. हा घोळ मिटावा म्हणून २००९ मध्ये स्थापन झालेल्या सनस्पेक या संघटनेने सर्वांसाठी सामाईक नोंदसूची तयार केली आहे. जो इन्व्हर्टर ती पाळतो, त्याच्याशी परक्या कंपनीचे यंत्रही सहज बोलू शकते.

जोडणीतही काही खाचाखोचा आहेत. आरएस-४८५ पद्धतीच्या दोन तारांवर अनेक यंत्रे जोडता येतात. मात्र प्रत्येकाचा पत्ता वेगळा असावा लागतो. कारखान्यातून येताना पुष्कळ यंत्रांचा पत्ता १ असाच ठेवलेला असतो, आणि तो न बदलल्यास दोघे एकदम उत्तर देऊन गोंधळ करतात. शिवाय या तारांवर प्रश्न विचारणारा एकच असावा लागतो. इन्व्हर्टर स्वतःच आपल्या मीटरला प्रश्न विचारीत असेल, तर त्याच तारांवर नियोजन यंत्र जोडून चालत नाही. त्यास निराळी वाट द्यावी लागते. जाणत्या तंत्रज्ञाला या गोष्टी कठीण नाहीत. कठीण पडते ते नोंदसूची हाती नसणे. कित्येक कंपन्या ती देत नाहीत. माहिती आपल्या सर्व्हरवर नेतात आणि घरधन्यास मोबाइलवरील एका चित्रावर समाधान मानावयास लावतात. इंटरनेट बंद पडले, कंपनीने सेवा थांबविली, किंवा जोडणी करून देणारा ठेकेदारच संकेतशब्द घेऊन निघून गेला, तर घरच्या छतावर काय चालले आहे हे घरच्यांसच कळेनासे होते.

हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. पटल तापले की त्याची शक्ती उतरते. २५ अंशांच्या वर दर अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के घट येते. उन्हात टांगलेला इन्व्हर्टरही फार तापल्यास आपले काम आपणच कमी करतो. पटलांवर धूळ बसली तरीही उत्पन्न घटते. उन्हाळ्यात युनिटे कमी पडली, तर त्याचे कारण उष्णता, धूळ की बिघाड, हे आकड्यांवाचून ओळखता येत नाही. ज्याला आकडे मिळत नाहीत, तो तोटा सोसतो आणि त्याला तो कळतही नाही.

अनेक कंपन्यांची यंत्रे एका घरात नांदणे हा अपवादही नव्हे. पटलांची हमी बहुधा २५ वर्षांची असते, तर इन्व्हर्टरची हमी त्याहून पुष्कळ कमी वर्षांची. म्हणजे पटलांच्या आयुष्यात इन्व्हर्टर एकदा तरी बदलावा लागण्याचा संभव असतो, आणि त्या वेळी पहिली कंपनी बाजारात असेलच असे नाही. पूर्वी शेर आणि मण गावोगाव भिन्न असत. १९५६ च्या कायद्याने दशमान वजने-मापे आली, तेव्हापासून धुळ्याच्या बाजारातील किलो आणि मुंबईच्या बाजारातील किलो एकच ठरला. वजनात जी शिस्त आली, ती यंत्रांच्या भाषेतही यावयास हवी.

कंपन्यांचा आक्षेप असा की, परक्या यंत्रास इन्व्हर्टरवर अधिकार दिल्यास अपघात होईल व हमी धोक्यात येईल. यात तथ्य आहे. बाहेरची वीज गेल्याबरोबर इन्व्हर्टरने तारांत वीज सोडणे थांबविलेच पाहिजे, नाही तर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव धोक्यात येतो. त्या संरक्षणास कोणी हात लावू नये. परंतु वाचणे निराळे आणि हुकूम देणे निराळे. निर्मिती, वापर, तापमान व बिघाडाचा संकेत वाचल्याने कोणासही इजा होत नाही. यास्तव वाचन घरधन्यास मोकळे असावे आणि बदल करण्याचा अधिकार अधिकृत तंत्रज्ञाकडे राहावा, हीच न्याय्य विभागणी होय.

शासनाला ही वाट नवी नाही. २०१९ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-कुसुम योजनेतील सौर कृषिपंपांना दूरस्थ देखरेखीची व्यवस्था बंधनकारक आहे. एकाच नियंत्रकावर पंपाबरोबर कडबाकुट्टी, पिठाची चक्की अशी अन्य यंत्रे चालावीत म्हणून सार्वत्रिक सौरपंप नियंत्रकाची मानकेही केंद्राने ठरविली आहेत. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात २०१३ पासून महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा आहे. एवढा मोठा प्रकल्प आपल्या इन्व्हर्टरांची माहिती हाती नसता चालविण्याचा विचारही कोणी करणार नाही. जे मेगावॅटच्या मालकास अवश्य, ते तीन किलोवॅटच्या मालकास अनावश्यक कसे? ज्या वस्तूवर सार्वजनिक पैशातून अनुदान दिले जाते, तिची नोंदसूची ग्राहकास द्यावी, अशी अट अनुदानास जोडणे सर्वथा उचित ठरेल.

तोपर्यंत शेतकरी बंधुभगिनींनी खरेदीपूर्वी चार गोष्टी लेखी घ्याव्यात. इन्व्हर्टरला मॉडबसची जोडणी आहे काय आणि तो सनस्पेकची सूची पाळतो काय? नोंदसूची बिलासोबत मिळेल काय? इंटरनेट नसताना घरातल्या घरात माहिती वाचता येते काय? मालकाचा संकेतशब्द कोणाच्या हाती राहील? बॅटरी घ्यावयाची असल्यास तिचे नाव इन्व्हर्टर कंपनीच्या मान्य यादीत आहे की नाही, हेही पाहावे. ज्यांच्या घरी मुका इन्व्हर्टर आधीच बसला आहे, त्यांनी निराश होऊ नये. त्याच्या बाहेर पडणाऱ्या तारेवर स्वतंत्र मीटर बसवून निर्मितीचा आकडा मिळविता येतो, आणि टाकीच्या मोटरीस वेळ लावणारा साधा स्विच बसवून दुपारचे काम दुपारी उरकता येते. ही जोडणी मात्र परवानाधारक वीजतंत्रीकडूनच करून घ्यावी.

विहीर खणणारा शेतकरी पाण्याची पातळी दुसऱ्यास विचारीत नाही. दोर सोडून स्वतः पाहतो. छतावरील विजेच्या बाबतीतही तो हक्क त्याच्याच हाती राहिला पाहिजे, आणि तो मागून घेण्याची वेळ खरेदीच्या कागदावर सही करण्यापूर्वीची आहे.