बोट लागते, हे आधी सांगा

पुण्याच्या भाच्याने वन्संच्या पंच्याहत्तरीला क्रूझचं तिकीट काढलं. ह्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, तेव्हा सोबतीला मी. चेन्नईहून निघायचं, दोन रात्री समुद्रावर काढायच्या आणि इथेच परत यायचं. वन्सं चार दिवस आधीच आमच्याकडे चेन्नईतल्या तिरुवल्लिकेणीला आल्या, पार्थसारथीचं दर्शन झालं, नवी साडी घेऊन झाली. भाच्याला एजंटने फोनवर सांगितलं होतं, ‘आजींना कळणारसुद्धा नाही बोटीवर आहेत ते. जमिनीवरचं हॉटेलच समजा.’

त्या एका वाक्यासाठी हा लेख लिहिते आहे.

आमच्या देवळापुढे तळं आहे, कैरविणी. तिरुवल्लिकेणी हे नावच मुळी पवित्र कुमुदांचं तळं या अर्थाचं. तिथे दरवर्षी तेप्पोत्सव होतो. दिव्यांनी मढवलेल्या तराफ्यावर देव बसतात आणि तो तराफा दोरांनी ओढत तळ्यात फिरवतात. पाणी हलत नाही, दिव्यांची प्रतिबिंबंही मोडत नाहीत. क्रूझच्या जाहिरातीत समुद्र असतो तो असा. आमच्या घरापासून मरीनाची वाळू चालत दहा मिनिटांवर आहे आणि गेली अडतीस वर्षं मी संध्याकाळी तिथे जाते. त्या पाण्याचं तळ्याशी काहीही नातं नाही. माझा जन्म मालवणचा, त्यामुळे मला हे लग्नाआधीपासूनच माहीत होतं. तरीही मी भाच्याला काही बोलले नाही, आणि ती चूक माझी.

पहिल्या रात्री साधारण अकराच्या सुमाराला वन्संना बोट लागली. मराठीत हा शब्द किती नेमका आहे! गाडी लागते, बस लागते, तशी बोट लागते. आमची खोली बोटीच्या अगदी पुढच्या टोकाला, आतल्या बाजूची, खिडकी नसलेली. तिकीट स्वस्तात बसावं म्हणून एजंटने ती निवडली होती आणि भाच्याला त्यातलं काही कळलं नव्हतं. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारा अवयव असतो. त्याला बोटीची प्रत्येक वरखाली जाणवते, पण डोळ्यांना मात्र चार भिंती जागच्या जागी दिसतात. कान एक सांगतात, डोळे दुसरंच, आणि पोट ढवळून येतं. बोटीचं टोक सगळ्यात जास्त उचललं जातं आणि सगळ्यात जास्त खाली बसतं. मध्यावर, खालच्या मजल्यांवर हालचाल कमीत कमी असते. पोरं सी-सॉवर बसतात तेव्हा मधल्या खांबाशी बसलेल्याला झोका लागत नाही, तसंच हे.

मी त्यांना शाल गुंडाळून बाहेर काढलं. मधल्या डेकवर, वारा लागेल अशा जागी बाकावर बसवलं. समुद्र काही खवळलेला नव्हता, नुसतं लांब, संथ उचलणं होतं. मी पर्समधून आलेपाकाची वडी काढून हातावर ठेवली. चघळत राहिल्या. बोलल्या नाहीत. पहाटे पूर्वेला पाण्याची कड दिसायला लागली तेव्हा म्हटलं, वन्सं, त्या रेघेवर नजर ठेवा. क्षितिज एवढी एकच गोष्ट तिथे हलत नाही, आणि डोळ्यांना ती दिसली की कानांचं आणि डोळ्यांचं भांडण मिटायला लागतं. अर्ध्या तासाने त्यांनी चहा मागितला. मला रडू आलं.

गोळी होती की, म्हणाल. अ‍ॅव्होमिन प्रत्येक मराठी घराच्या डब्यात असते. पण ती बोटीत चढण्याआधी घ्यायची असते. उलटी सुरू झाल्यावर पोटात टिकतच नाही. शिवाय पंच्याहत्तरीच्या बाईच्या रक्तदाबाच्या औषधांबरोबर ती चालेल का, हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारायला हवं होतं. बोटीवर डॉक्टर असतात, पण तो छोटा दवाखाना असतो. तिथल्या तपासणीचं बिल वेगळं येतं आणि मोठं काही झालं तर किनारा गाठावा लागतो. म्हातारी माणसं असतील तर ज्यात समुद्रावरचा उपचार धरलेला आहे असा प्रवासविमा घ्यावा. यात काटकसर करू नये.

हल्ली साठीला, पंच्याहत्तरीला, लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला मुलं आईवडिलांना क्रूझवर पाठवतात. प्रेमानेच पाठवतात. मुंबईहून गोवा, लक्षद्वीप. आणि 2022 पासून चेन्नईहूनही. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, म्हणून जून ते सप्टेंबरच्या सुमाराला बोटी पूर्व किनाऱ्याकडे येतात. नैर्ऋत्येच्या वाऱ्याला इथे सबंध दक्षिण भारताची जमीन आडवी येते, त्यामुळे किनाऱ्याजवळचा समुद्र त्या मानाने शांत. आमच्याकडची वादळं ऑक्टोबर ते डिसेंबरातली. डिसेंबर 2023 मध्ये मिचौंग आलं तेव्हा शहर दिवसच्या दिवस पाण्यात होतं. तेव्हा तारीख ठरवताना मुलांच्या सुट्ट्यांआधी समुद्राचा महिना बघा. आणि ‘हाय सी’ असं लिहिलेलं तिकीट असेल तर ती बोट कुठल्याही गावाला जात नाही. खोल समुद्रात जाते आणि परत येते. वन्संना शेवटपर्यंत वाटत होतं की मध्ये कुठलं तरी देऊळ लागेल.

एक प्रश्न एजंटला आवर्जून विचारा, आणि तो आमच्या मालवणच्या बायकांना शिकवावा लागला नसता: बोट धक्क्याला लागते की बाहेर उभी राहते? माझ्या लहानपणी, सत्तरच्या दशकात, मुंबईच्या बोटी मालवणला लांब समुद्रातच उभ्या राहायच्या. पडावातून त्यांच्यापर्यंत जायचं. लाट पडावाला उचलून बोटीच्या दाराच्या पातळीला आणायची, तेवढ्या क्षणात खलाशी दोन्ही दंडांना धरून वर घ्यायचा. क्षण चुकला तर पुढच्या लाटेची वाट बघायची. आईने मला पोटाशी धरलेलं आणि कोणीतरी ओरडलेलं, ‘आता!’ एवढं मला अजून आठवतं. मद्रासलाही बंदर बांधण्यापूर्वी हेच होतं. मोठी जहाजं बाहेर, आणि माणसं मसुला नावाच्या होड्यांतून लाटांवरून किनाऱ्याला. त्या होड्यांच्या फळ्या काथ्याने शिवलेल्या असत, खिळे नसत, म्हणजे लाटेच्या आपटण्याने लवतील पण फुटणार नाहीत.

हे जुनं झालं असं समजू नका. लक्षद्वीपच्या बेटांभोवती प्रवाळाची भिंत आहे, मोठी बोट तिच्या बाहेर थांबते आणि उतारू लहान होड्यांतून बेटावर जातात. ज्याचे गुडघे दुखतात, ज्याला दोन पायऱ्या उतरताना हात लागतो, त्याला ती होडी म्हणजे केवढी मोठी गोष्ट आहे! आणि लाटा जास्त असल्या की कप्तान उतरणंच रद्द करतो. तो बरोबर करतो. पण बहुतेक कंपन्यांच्या अटींत लिहिलेलं असतं की बंदर वगळलं म्हणून तिकिटाचे पैसे परत मिळणार नाहीत. कधी कारण समुद्राचं नसतंच. जून 2022 मध्ये चेन्नईहून सुटलेल्या बोटीला पुदुच्चेरीत उतारू उतरवायची परवानगी मिळाली नव्हती. ज्या एका गावासाठी तुम्ही तिकीट काढताय ते गाव दिसलं नाही तरी ही सहल मला चालेल का, हे स्वतःला आधी विचारावं. उत्तर ‘नाही’ असेल तर रेल्वेने जावं.

पैशांबद्दल आणि इतर बारीकसारीक गोष्टींबद्दल थोडक्यात. जाहिरातीतला आकडा बहुधा एका खोलीत दोघं धरून माणशी असतो. बंदराचं शुल्क, सेवाशुल्क, जीएसटी वर. जेवण तिकिटात येतं, पण काही उपाहारगृहं, थंड पेयं आणि इंटरनेट बहुधा येत नाही. खरेदी खोलीच्या कार्डावर होते, म्हणून हिशेब शेवटच्या सकाळी कळतो. तो रोज रात्री काउंटरवर विचारून घ्यावा. फोन विमानातल्यासारखा बंद अवस्थेत ठेवावा, नाहीतर तो किनारा सुटल्यावर बोटीच्या उपग्रहाच्या नेटवर्कला आपोआप जोडला जातो आणि बिल येतं. परदेशी बंदर असेल तर पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त उरलेली हवी. एकादशी, चातुर्मास असं काही असेल तर जेवणाचं आधी कळवावं. आणि जेवणाआधी हात साबणाने धुवावेत. बोटीवर पसरणाऱ्या जुलाब-उलट्यांच्या विषाणूवर बाटलीतलं सॅनिटायझर फारसं चालत नाही.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. बोट सुटण्याआधी भोंगा होतो: सात आखूड आणि एक लांब. सगळ्यांनी आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं, लाइफ जॅकेट कसं घालायचं ते बघायचं. आमच्या शेजारच्या खोलीतलं कुटुंब आलंच नाही. मुलं पोहण्याच्या तलावाकडे गेली होती आणि वडील म्हणाले, ‘हे सगळं औपचारिक असतं हो.’ कोकणातल्या माणसासमोर असं बोलू नये. 17 जुलै 1947 ला रामदास बोट मुंबईहून रेवसला निघाली, वाटेत बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. रेवस काही सातासमुद्रापार नाही, तास-दीड तासाची वाट. 13 जानेवारी 2012 ला इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया ही भलीमोठी क्रूझ खडकावर गेली, 32 जण दगावले. त्या दिवशी चढलेल्या शेकडो उतारूंची ही कवायत तोवर झालेलीच नव्हती, कारण तेव्हाच्या नियमाप्रमाणे ती चोवीस तासांत केली तरी चालत असे. त्यानंतर नियम बदलला. 1 जानेवारी 2015 पासून नवे उतारू चढले की ही कवायत बोट सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर घ्यावीच लागते. जगाने माणसं गमावून ही पंधरा मिनिटं मिळवली आहेत.

वन्संनी जॅकेट घालून बघितलं. साडीवर ते नीट बसेना. पदर खांद्यावरून सुटा राहिला की पट्टा त्याच्यात अडकतो आणि बक्कल लागत नाही. तिथल्या मुलीने दोनदा प्रयत्न केला. मग वन्संनीच पदर डाव्या कुशीतून मागे घेऊन कमरेला घट्ट खोचला, शेतात लावणीला उतरताना बायका खोचतात तसा, आणि बक्कल ‘टक्’ झालं. ती मुलगी म्हणाली, ‘आजी, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.’ साडी नेसणाऱ्या प्रत्येक बाईने हे आधी घरी करून बघावं. खोलीपासून त्या जागेपर्यंत जिन्याने, लिफ्ट न वापरता, एकदा चालूनही बघावं. आम्ही दुसऱ्या दिवशी चाललो. वाटेत वन्संना दोनदा थांबावं लागलं, म्हणजे किती वेळ लागतो ते कळलं.

ह्यांची सगळी नोकरी चेन्नई पोर्टात, हिशेब खात्यात गेली. त्याच खात्यात 1912 मध्ये एक कारकून तीस रुपये पगारावर लागला होता, गणिती श्रीनिवास रामानुजन. पुढे तो राहायलाही आमच्याच तिरुवल्लिकेणीत आला, हनुमंतरायन कोविल स्ट्रीटवर. मी भाजी आणायला त्या रस्त्याने जाते. 17 मार्च 1914 ला तो मद्रास बंदरातून ‘नेवासा’ बोटीने निघाला आणि 14 एप्रिलला लंडनला पोचला, अठ्ठावीस दिवस. निघण्याआधी त्याने शेंडी उतरवली, परके कपडे घालायचा, काट्याचमच्याने जेवायचा सराव केला. आपला तो बदललेला अवतार बघून त्रास होऊ नये म्हणून आईला आणि बायकोला आधीच कुंभकोणमला पाठवलं. हे मला फार लागतं. समुद्र ओलांडायचा म्हणून त्या माणसाने केवढी तयारी केली होती, आणि आपण आपल्या सत्तरी-पंच्याहत्तरीच्या माणसांना कसलीच तयारी न करता, काहीही न सांगता चढवतो.

सांगितल्याने कोणी घाबरत नाही. दुसऱ्या रात्री वन्सं साडेनऊपर्यंत डेकवर बसल्या होत्या. काळोखात दूर एका मालवाहू बोटीचे दिवे दिसत होते. त्या म्हणाल्या, ‘आपल्या घरून हे दिवे दिसतात ना?’ मी म्हटलं, मरीनावरून दिसतात. ‘मग आत्ता त्याला आपण दिसत असू.’ मग म्हणाल्या, ‘मला आधी सांगितलं असतंस, पोट ढवळेल म्हणून, तर मी आलेच असते. फक्त दुपारी एवढं जेवले नसते.’

गेल्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या मामींनी तिकीट दाखवायला आणलं. मुलाने दिलंय, लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला. मी त्यांच्या मुलाला फोन लावायला सांगितला, बोटीचा नकाशा मोबाइलवर उघडला, खोलीचा नंबर शोधला. टोकाची होती, वरच्या मजल्यावर. एजंटशी बोलून तीन हजार जास्तीचे भरले आणि मधली खालची घेतली, खिडकीची. आलेपाकाच्या वड्या उद्या थापणार आहे.