रगेल नायक आणि सुधारण्याची हमाली

हिस्टॉरिकल रोमान्स मी वर्षानुवर्षं चवीने वाचत आले आहे. त्यातले नाचाचे जलसे, बग्ग्या, चोरून पाठवलेल्या चिठ्ठ्या, सगळं मला आवडतं. नायक मात्र आता डोक्यात जातो. हा ड्यूक नाहीतर लॉर्ड. रगेल आणि रंगेल, जुगारी, लहानपणी बापाने झिडकारलेला. पुस्तकभर तो नायिकेचा पाणउतारा करतो आणि शेवटच्या प्रकरणात तिच्या प्रेमामुळे माणसात येतो. त्याला माणसात आणायची हमाली तिची, आणि त्या हमालीलाच प्रेम म्हणायचं.

कॅथलीन वुडिविस यांच्या ‘द फ्लेम अँड द फ्लॉवर’ने १९७२ साली अमेरिकेत या धाटणीची लाट आणली. नायक ब्रँडन जहाजाचा कप्तान. पोरकी हेदर त्याच्या माणसांच्या हाती लागते, तो तिला वेश्या समजतो आणि ती नको-नको म्हणत असताना तिच्यावर बलात्कार करतो. ती गरोदर राहते, तिचं लग्न त्याच्याशीच लावलं जातं, पुढे दोघं सुखाने नांदतात. लाखो प्रती खपल्या म्हणून हे प्रेम ठरत नाही.

सुधारलेला लंपट उत्तम नवरा होतो हा समज घातक आहे, असं सॅम्युएल रिचर्डसनने ‘क्लॅरिसा’च्या प्रस्तावनेत अठराव्या शतकातच बजावलं होतं. त्याचा लव्हलेस क्लॅरिसाला गुंगीचं औषध देऊन भ्रष्ट करतो. ती त्याच्याशी लग्न करायला साफ नकार देते आणि मरते. तरी वाचक लव्हलेसवर भाळले!

या नायकांचा खरा मूळपुरुष कवी लॉर्ड बायरन. क्लेअर क्लेअरमाँटपासून झालेली मुलगी, अ‍ॅलेग्रा, त्याने आपल्या ताब्यात घेतली, पुढे आईला भेटू दिलं नाही आणि चार वर्षांच्या पोरीला इटलीतल्या बान्याकावालोच्या कॉन्व्हेंटमध्ये ठेवलं. बापाने यावं म्हणून तिने पत्र लिहिलं. तो गेला नाही. १८२२ मध्ये, वयाच्या पाचव्या वर्षी, ती तापाने गेली. कोणत्याही ‘दुखावलेल्या’ ड्यूकची कथा वाचताना मला ही पोर आठवते.

आणि त्या काळचा कायदा? लग्न झालं की बायकोची मालमत्ता नवऱ्याची. इंग्लंडमध्ये हे १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी बदललं. नवऱ्याने केलेला बलात्कार तिथे गुन्हा ठरायला १९९१ उजाडलं. भारतात सज्ञान बायकोच्या बाबतीत तो अजूनही बलात्कार मानला जात नाही. ‘दोनाचे चार हात झाले की येईल ताळ्यावर’ म्हणत बाहेरख्याली मुलाच्या गळ्यात पोर बांधणारी घरं आपल्याकडे कमी नाहीत. म्हणून ‘ही नुसती कल्पना आहे, मनाला लावून घेऊ नका’ हा बचाव मला पटत नाही.

माझा राग शृंगारावर नाही. जॉर्जेट हेयर यांच्या ‘डेव्हिल्स कब’मध्ये नायक व्हायडल जबरदस्ती करायला पुढे सरसावतो, तेव्हा मेरी चॅलनर त्याच्यावर सरळ पिस्तूल झाडते. या बाईचं ‘नको’ म्हणजे नकोच, हे त्याला तिथे कळतं. ही कादंबरी १९३२ सालची आहे. आजच्या लेखिकांनी नायक खुशाल देखणा, उर्मट, वाया गेलेला रंगवावा. पण त्याने केलेलं त्यानेच निस्तरावं, आणि तेही लग्नाआधी.