जबाबदारी धुऱ्यावर ढकलू नका : हिंगणी परिसरातील कास्तकारांचे मागणीपत्र

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक व संचालक मंडळ,
कापूस बियाणे आणि कीटकनाशके विकणाऱ्या सर्व कंपन्या

प्रत माहितीस्तव : जिल्हाधिकारी, वर्धा, जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी, वर्धा

विषय : विक्री, भरपाई आणि फवारणीतील सुरक्षितता याबाबत कंपन्यांच्या व्यवस्थापनाकडे मागण्या

महोदय,

तुमच्या विक्री प्रतिनिधीला सांगून काम झाले असते तर हे पत्र लिहिलेच नसते. तो हंगामात हिंगणीला येतो, चहा घेतो, तक्रार वहीत उतरवून नेतो. पुढच्या हंगामात त्याच्या जागी नवा पोरगा आलेला असतो आणि ती वही कुठे गेली ते त्याला ठाऊक नसते. त्याच्यावर आमचा राग नाही. त्याला टार्गेट आहे, आणि ते ठरवणारा साहेब तालुक्याच्या सेलू गावापुढे आल्याचे कोणी पाहिलेले नाही. म्हणून पत्र थेट तुम्हाला.

आमची शेती बोर धरणाच्या आणि बोर व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारची. रानडुकरं पीक खातात, पण त्यांच्याकडे नीतिमत्तेचे धोरण नसते. तुमच्या वार्षिक अहवालात ते असते. त्यामुळे बोलणे तुमच्याशीच.

आधी बोंडअळीचे. बीटी कापसाच्या ४५० ग्रॅमच्या पुड्यासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याचे वेगळे पाकीट यायचे. ते वावराच्या कडेने लावले की अळीला साध्या पऱ्हाटीवर जगायला जागा मिळते आणि बीटीला न जुमानणाऱ्या अळ्यांची पैदास लांबते. शास्त्र बरोबर होते. पण खोटे कशाला बोलायचे, आमच्यातल्या बहुतेकांनी ते पाकीट लावले नाही. तीन एकरवाल्याने कडेच्या ओळी अळीसाठी सोडायच्या, तर त्याला कोणीतरी वावरात उभे राहून समजवायला हवे होते. समजावले कोणी? पोस्टरवर बोंडांनी लगडलेली पऱ्हाटी होती; सूचना मात्र पुड्यात, बारीक अक्षरांत.

बीटी तंत्रज्ञान देणाऱ्या मोन्सँटोने २०१० मध्ये स्वतःच जाहीर केले होते की गुजरातच्या चार जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी बोलगार्ड या पहिल्या पिढीच्या बीटी कापसाला जुमानत नाही. बिगर-बीटी ओळी पुरेशा लागत नाहीत, हेही त्यांनी कारणांत सांगितले. म्हणजे कास्तकार पाकीट फेकून देतो हे तेव्हाच कळले होते. आज दोन्ही बियाणे मिसळून ४७५ ग्रॅमचा पुडा मिळतो. ही सोपी गोष्ट व्हायला इतकी वर्षे का लागली? मधल्या काळात २०१७ उजाडले. बोंड हातात घेतले तर वरून चांगले. फोडले की आत गुलाबी अळी आणि सडका कापूस.

त्या डिसेंबरात सरकारने कोरडवाहू कापसाला हेक्टरी ३०,८०० रुपयांची मदत जाहीर केली. त्यातले १६,००० रुपये बियाणे कंपन्यांकडून यायचे होते. आमच्यापैकी एकाच्याही खात्यात ते १६,००० आलेले नाहीत. त्या भरपाईविरुद्ध कोर्टात जाण्याचा तुमचा हक्क आम्ही नाकारत नाही. पण नुकसान झाल्यावर कास्तकाराने सूचना पाळल्या नाहीत म्हणायचे, आणि पीक साधले की श्रेय वाणाला द्यायचे, हा हिशेब एकतर्फी आहे.

म्हणून पहिली मागणी अशी : कोणत्या वाणावर, कोणत्या तालुक्यात, किती अळी आढळली याच्या तुमच्या नोंदी पेरणीआधी मराठीत जाहीर कराव्यात. दुसरी, तक्रार आली की त्या लॉटच्या बियाण्याचा नमुना कंपनीने स्वतःहून तपासणीला द्यावा. कास्तकाराने सगळे बियाणे पेरून टाकलेले असते. तो नमुना आणणार कुठून? सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात शेतकरी हा ग्राहक आहे हे मान्य केले आहे. ते पुन्हा सिद्ध करायला आम्हाला कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावू नका.

फवारणीबद्दल थोडक्यात लिहितो, कारण विषय जड आहे. २०१७ मध्येच शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. औषध कंपनी तिथली असल्याने काही पीडितांना तक्रार घेऊन स्वित्झर्लंडपर्यंत जावे लागले. ज्या औषधाला अंगभर संरक्षक कपडे लागतात आणि ते कपडे उष्ण हवेत सोसत नाहीत, महाग असतात किंवा मिळत नाहीत, ते औषध लहान शेतकरी व मजुरांच्या हाती देणे टाळावे, असे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची आचारसंहिता सांगते. ती पाळतो असे तुम्ही म्हणता. मग एकदा ऑक्टोबरच्या उन्हात, छातीएवढ्या पऱ्हाटीत, तो पोशाख घालून तुमच्या संचालकांपैकी कोणीही एक पंप फवारून दाखवावा. पोशाख सोसला नाही, तर ते औषध आमच्या तालुक्यात विकू नये. ही तिसरी मागणी.

आता कृषी केंद्रातले. मागणीचे वाण हवे तर सोबत न खपणारे वाण घ्या, खत हवे तर टॉनिकची बाटली घ्या, याला बाजारात लिंकिंग म्हणतात. केंद्रचालक म्हणतो, कंपनी मला लादते. कंपनी म्हणते, आमचे तसे धोरण नाही. दोघांच्या मधे बाटली आमच्या उधारीत चढते. २०२५-२६ साठी बीजी-२ (बोलगार्ड-२) च्या पुड्याची कमाल किंमत ९०१ रुपये ठरली, पण नावाजलेले वाण ऐन मृगात त्या किमतीत मिळत नाही, हे गावातले पोरही सांगेल. म्हणून चौथी मागणी : विक्रेत्यांना दिली जाणारी टार्गेटे, त्यावरची बक्षिसे आणि परदेश सहली तालुकावार जाहीर करा. कोणाच्या सहलीसाठी कोणती बाटली आमच्या माथी मारली गेली, ते तरी कळेल.

सीएसआरचा उल्लेख तुम्ही कराल, म्हणून आधीच लिहितो. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्च करता, चांगले आहे. शाळेला दिलेली बाके आम्ही परत करणार नाही. प्रश्न उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांचा आहे. ज्या जिल्ह्यात गांधीजी राहिले आणि जमनालाल बजाजांनी व्यापार केला, तिथून हे पत्र येत असले तरी आम्ही तुमच्याकडे विश्वस्तवृत्ती मागत नाही. हिशेब मागतो.

आमच्या बाजूने आम्ही सभा घेऊन ठराव केला आहे : आमच्यापैकी कोणी विनापरवाना विकले जाणारे चोर बीटी घेणार नाही, पक्के बिल घेतल्याशिवाय पुडा उचलणार नाही आणि फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावर तेच पीक पुढे, ठेवणार नाही. शेवटच्या कलमावर सभेत बरीच भांडणे झाली, तरी ते मंजूर आहे.

उत्तर मृगाआधी मिळावे, आणि मराठीत असावे. इंग्रजीत आले तर ते वाचून घ्यायला आम्हाला पुन्हा तुमच्याच प्रतिनिधीकडे जावे लागेल.

आपले,
हिंगणी परिसरातील कापूस उत्पादक कास्तकार