घरदुरुस्ती आणि पती-पत्नीमधील विसंवाद

पावसाळा संपला की वसईच्या गावागावांतून घरांच्या कामांना हात घातला जातो. अंगणात रेती-खडीचे ढीग पडतात, जुनी कौले उतरवून भिंतीला लावून ठेवली जातात आणि घरातील माणसे पडवीत चूल मांडून महिना-दोन महिने काढतात. मे महिन्यातील लग्न किंवा मुलाचे प्रथम कम्युनियन यांच्या आधी रंगाचा शेवटचा हात बसला पाहिजे, अशी घाई असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे पुढे ढकललेली कामेही काढण्याचा मोह अनेकांना झाला असेल. सिमेंटचे पोते स्वस्त झाले, परंतु घर बांधताना वा दुरुस्त करताना पती-पत्नींमध्ये जी धुसफूस होते, ती कोणत्याही सरकारी निर्णयाने कमी होणारी नाही. या विषयाकडे आपण धर्मग्रामांत पुरेसे गांभीर्याने पाहत नाही, असे आम्हाला वाटते.

वादाचे कारण वरवर पाहता क्षुल्लक असते. लादी पांढरी की तपकिरी, दिवाणखान्यात पीओपीचे छत हवे की नको, आल्तार पूर्वीच्याच कोनाड्यात ठेवायचा की जिन्याखाली हलवायचा! बाहेरच्या माणसाला हसू येईल. परंतु ज्या कुटुंबांशी आमचे बोलणे झाले, त्यांच्या तक्रारी नीट ऐकल्या तर लादीचा रंग लवकरच मागे पडतो. ‘मला विचारले नाही’ हे वाक्य पुढे येते आणि त्याच्या पाठोपाठ ‘पैसा माझा होता’ हे दुसरे वाक्य येते.

आमच्या परिचयातील एका घरात स्वयंपाकघराचा ओटा बांधायचा होता. पत्नी मुंबईला नोकरीला, पहाटेची लोकल पकडणारी. पती रजा घेऊन कामावर देखरेख करीत होता. गवंड्याने ‘सगळीकडे अशीच उंची ठेवतात’ असे सांगितले, पतीच्या थोरल्या भावाने मान डोलावली आणि ओटा उभा राहिला. वर काळा ग्रॅनाइट बसला. संध्याकाळी पत्नी घरी आली आणि पाहते तो ओटा तिच्या कोपरापेक्षा उंच! पुढे कित्येक महिने ती पायाखाली पाट घेऊन पोळ्या लाटत होती. पतीच्या मते त्याने उन्हातान्हात उभे राहून काम करून घेतले, त्याचे कौतुक तर दूरच, वर तोंड फुगवलेले. पत्नीच्या मते त्या घरात रोज दोन वेळा ओट्याशी उभी राहणारी व्यक्ती कोण, एवढाही विचार कुणी केला नाही. दोघांचेही म्हणणे खरे होते.

दुसरे कारण खर्चाचे. दुरुस्तीच्या कामात ‘आता काढलेच आहे तर’ या चार शब्दांइतके महाग शब्द नाहीत. न्हाणीघराची गळती थांबवायला म्हणून लादी उखडली जाते. आता काढलेच आहे तर नळ बदलू, नळ बदलतोच आहोत तर भिंतीलाही टाइल्स लावू, असे करता करता ठेकेदाराची उचल दुप्पट होते आणि मुलांच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या ठेवीला हात लागतो. ज्याने वा जिने ही ठेव मोडली, त्याने ते जोडीदाराला कळवले नसेल तर घरात खरा स्फोट होतो. संत लूकच्या शुभवर्तमानात (अध्याय १४) बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा अंदाज घेणाऱ्या माणसाचा उल्लेख प्रभू येशूने केला आहे. नव्या घराच्या आशीर्वादाच्या वेळी खडकावर बांधलेल्या घराचा उतारा अनेकदा वाचला जातो. पायाभरणीपूर्वी लूकचा हा उतारा वाचला जावा, अशी आमची नम्र सूचना आहे.

कोणते काम आधी, यावरूनही जोडपी भांडतात आणि येथे प्रश्न केवळ आवडीनिवडीचा राहत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये विरार पूर्वेला चार मजली इमारतीचा भाग कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. त्या दुर्घटनेची कारणे वेगळी असतील; परंतु त्यानंतर आपापल्या घरातील भेगांकडे भीतीने पाहिले नाही असे कुटुंब आपल्या भागात विरळाच. तरीही खांबाच्या सळ्या गंजून सिमेंट सुटत असताना दर्शनी भिंतीला महागडा दगड लावणारी घरे आम्ही पाहिली आहेत. पाहुणे दर्शनी भिंत पाहतात, खांब कोणी पाहत नाही. अशा वेळी ‘आधी खांब’ म्हणणारा जोडीदार, मग तो पती असो वा पत्नी, घरच्यांना कंजूष वाटतो.

या सर्वांहून गंभीर अशी एक बाब आहे आणि तिच्याविषयी आपल्याकडे क्वचितच उघडपणे बोलले जाते. घर कोणाच्या नावावर आहे? आपल्या बहुतेक जुन्या घरांच्या सातबाऱ्यावर वा मालमत्तेच्या कागदावर सासऱ्यांचे, क्वचित आजेसासऱ्यांचे नाव असते. सून माहेरचे सोने मोडते, पगारातून हप्ते भरते आणि तिच्या पैशातून जे छत उभे राहते, त्यावर कायद्याने तिचा मालकी हक्क नसतो. आपल्याला लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार मृत्युपत्र न करता पती निवर्तला आणि मागे मुले असतील, तर पत्नीस त्याच्या मालमत्तेचा एक-तृतीयांश आणि मुलांना, मुलगा-मुलगी असा भेद न करता, दोन-तृतीयांश वाटा मिळतो. पण घर सासऱ्यांच्या नावावर असताना पती त्यांच्या आधी गेला तर काय? सासरे मृत्युपत्र न करता वारल्यास पतीचा वाटा नातवंडांकडे जातो; सुनेला काही मिळत नाही. मूलबाळ नसेल तर ती रिकाम्या हाताने उभी राहते. कर्जाच्या कागदावर मात्र सहकर्जदार म्हणून तिची सही असू शकते, म्हणजे देणे तिचे आणि घर इतरांचे!

गोव्यातील आपल्या बांधवांची स्थिती निराळी आहे. तेथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या कौटुंबिक कायद्यामुळे विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसल्यास पती-पत्नींची मालमत्ता सामाईक मानली जाते आणि एकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याला स्थावर मालमत्ता विकता येत नाही. महाराष्ट्रात तशी तरतूद नाही. त्यामुळे जे गोव्यात कायदा करवून घेतो, ते येथे आपल्याला समजुतीने आणि कागदाने करावे लागते. महाराष्ट्रात राहते घर पत्नी, पती, मुलगा, मुलगी, नातवंडे किंवा दिवंगत मुलाची पत्नी यांना बक्षीसपत्राने देताना मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये आहे (अन्य अधिभार वेगळे). आणि दोन साक्षीदारांसमोर केलेले मृत्युपत्र तर कोणालाही परवडणारे आहे. लाखो रुपयांची लादी बसवणारे कुटुंब वकिलाच्या एका भेटीचा खर्च टाळते, याचे आम्हाला नवल वाटते. सासू-सासऱ्यांसमोर हा विषय काढणे म्हणजे त्यांच्या मरणाची वाट पाहणे, असा समज आपल्याकडे आहे. या समजापायी किती विधवा भगिनींनी दिरांच्या दारी उभे राहून दिवस काढले, हे प्रत्येक धर्मग्रामातील वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे.

ख्रिस्तसभेची शिकवण याबाबत संदिग्ध नाही. १९८३ च्या कॅनन कायद्याचे कलम ११३५ सांगते की, वैवाहिक सहजीवनाशी निगडित गोष्टींत पती आणि पत्नी या दोघांची कर्तव्ये व हक्क समान आहेत. ‘पुरुष कुटुंबाचा प्रमुख आहे, तेव्हा बांधकामाचे तो पाहील’ हे आपल्याकडे धर्माच्या नावाने सांगितले जाते. त्याला या कलमात आधार सापडत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये कुटुंबाला गृह-ख्रिस्तसभा म्हटले. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या ‘आमोरिस लेतिशिया’ या आपल्या पत्रात दाम्पत्यातील संवादावर सविस्तर लिहिले आहे. जोडीदाराला पुष्कळदा उपाय नको असतो, त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेणारे कोणी हवे असते, अशा आशयाचे त्यांचे प्रतिपादन आहे. ठेकेदाराची माणसे अंगणात खोळंबलेली असताना हे ऐकून घेणे कठीण जाते, म्हणून ते काम सुरू होण्याआधी झाले पाहिजे.

विवाहपूर्व शिबिरांत प्रार्थना, संततिनियमन, सासरच्या माणसांशी वागणूक यांवर बोलले जाते. घराच्या मालकीविषयी व कर्जाविषयीही एक तास द्यावा आणि त्यासाठी आपल्याच धर्मग्रामातील एखादा वकील व एखादी बँक कर्मचारी यांना बोलवावे, असे आम्ही सुचवू. वधूवरांना अवघडल्यासारखे होईल. होऊ द्यावे. तेथे तासभर अवघडणे पुढे न्यायालयात अवघडण्यापेक्षा बरे. धर्मगुरूंनाही एक विनंती आहे. वाद घेऊन आलेल्या जोडप्याला ‘एकमेकांना क्षमा करा’ असे सांगून परत पाठवण्याआधी हिशेबाची वही कोणाकडे आहे, हे विचारावे. जेथे वही एकाच्याच कुलुपात आहे, तेथे क्षमा बहुधा दुसऱ्यालाच करावी लागते.

वर उल्लेखिलेल्या ओट्याचे पुढे काय झाले, हे वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल. वर्षभर बोलणे न झाल्यावर एका रविवारी मिस्सा आटोपून घरी आल्यावर पतीने स्वतः चपाती लाटून पाहिली, तीही पत्नीच्या सांगण्यावरून, गुडघे वाकवून तिच्या उंचीला येऊन. नाताळापूर्वी त्यांनी ओटा तीन इंचांनी उतरवून घेतला. उतरवताना ग्रॅनाइटला तडा गेला, नवा आणावा लागला. तो खर्च पतीने वहीत मांडला आहे. त्याच्याच खाली पत्नीच्या अक्षरात गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा अंदाज लिहिलेला आहे आणि समोर प्रश्नचिन्ह आहे.