विश्लेषण : दिल्ली-रोम भांडत होते, तेव्हा बारामतीत व्हेस्पा कशी बनत होती?

फेब्रुवारी २०१२ मध्ये केरळच्या किनाऱ्याजवळ 'एन्रिका लेक्सी' या इटालियन तेलवाहू जहाजावरील नौसैनिकांच्या गोळीबारात दोन भारतीय मच्छीमार ठार झाले. हे प्रकरण इतके चिघळले की वर्षभरात सर्वोच्च न्यायालयाने इटलीच्या राजदूताला देश सोडण्यास मनाई केली. आणि गोळीबारानंतर दोनच महिन्यांनी, एप्रिल २०१२ मध्ये, बारामती एमआयडीसीत इटलीच्या पियाजिओने व्हेस्पा स्कूटरचा कारखाना सुरू केला. एकीकडे राजदूत अडकलेला, दुसरीकडे स्कूटरची जुळणी जोरात. हे एकाच वेळी कसे शक्य झाले?

बारामतीत इटली आली कशी?

पियाजिओचे पुण्याशी नाते जुने आहे. साठच्या दशकात बजाज ऑटो पियाजिओच्या परवान्यावर पुण्यात व्हेस्पा बनवत असे. १९७१ मध्ये तो करार संपला, सरकारने नूतनीकरण होऊ दिले नाही आणि बजाजने स्वतःची 'चेतक' आणली. पुढे कानपूरच्या एलएमएलबरोबरचा संसारही मोडला. मग ग्रीव्हज कंपनीच्या भागीदारीत १९९९च्या सुमारास बारामतीतून तीनचाकी 'ॲपे' बाहेर पडू लागली आणि थोड्याच काळात पियाजिओने भागीदाराचा हिस्सा विकत घेतला. इटालियन भाषेत व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी आणि ॲपे म्हणजे मधमाशी. वडापने प्रवास केलेल्या कुणालाही यातली दुसरी माशी ठाऊक असते. पुढे चॉकलेट बनवणारी फेरेरोही याच एमआयडीसीत आली. मुलांच्या हट्टाचे 'किंडर जॉय' तिथेच बनते.

बारामतीच का? पुण्याभोवतीचे सुट्या भागांचे कारखाने शंभरेक किलोमीटरवर, एमआयडीसीची जागा तयार आणि शरद पवारांचे राजकीय वजन पाठीशी. यातले तिसरे कारण कोणत्याही सरकारी माहितीपुस्तिकेत सापडत नाही, पण कऱ्हाकाठी ते कुणाला सांगावेही लागत नाही.

मग भांडणाचा फटका कुणाला बसला?

सरकारांच्या आपसातील व्यवहारांना. ऑगस्टा वेस्टलँड हेलिकॉप्टर खरेदीत लाचखोरीचे आरोप झाले आणि जानेवारी २०१४ मध्ये भारताने सुमारे ३,६०० कोटींचा तो करार रद्द केला. क्षेपणास्त्र तंत्रज्ञानावर नियंत्रण ठेवणाऱ्या गटात भारताला प्रवेश हवा होता, २०१५ मध्ये इटलीने तो अडवला. मे २०१६ मध्ये दुसऱ्या नौसैनिकाला मायदेशी जाऊ दिले गेले आणि जूनमध्ये भारत त्या गटाचा सदस्य झाला. दोन्ही सरकारांनी या दोन गोष्टींचा संबंध जाहीरपणे जोडला नाही. तारखा मात्र बोलक्या आहेत.

कारखान्याचे तसे नसते. बारामतीतील कंपनी भारतात नोंदलेली, माल बहुतांश इथेच खपणारा, आयातशुल्काचा वा सरकारी निविदेचा फारसा प्रश्न नाही. एकदा यंत्रे बसली की ती उचलून नेण्याचा तोटा मालकाचाच. शिवाय इटली स्वतंत्रपणे व्यापार करार करूच शकत नाही, तो अधिकार युरोपीय संघाकडे आहे. संघाशी भारताची बोलणी २००७ मध्ये सुरू झाली, २०१३ मध्ये थांबली आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली.

मच्छीमारांच्या खटल्याचा शेवट मात्र अनेकांना रुचला नाही. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने नौसैनिकांना भारतीय न्यायालयांपासून संरक्षण असल्याचे ठरवले, पण भरपाई देण्यास इटलीला सांगितले. १० कोटी रुपये जमा झाल्यावर जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खटला बंद केला. मार्च २०२३ मध्ये पंतप्रधान जॉर्जिया मेलोनी दिल्लीत आल्या तेव्हा संबंधांना 'सामरिक भागीदारी'चा दर्जा मिळाला.

यात आफ्रिका कुठे?

दोन ठिकाणी. चॉकलेटचा कोको बारामतीत पिकत नाही. जगातील निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. तिथे पीक बुडाले आणि २०२४ मध्ये कोकोचा भाव टनाला १० हजार डॉलरपलीकडे गेला. त्याची झळ जगभरच्या चॉकलेट उद्योगाला लागली.

दुसरी गोष्ट रिक्षांची. जानेवारी २०२४ मध्ये मेलोनींनी रोममध्ये आफ्रिकी नेत्यांना बोलावून साडेपाच अब्ज युरोंची 'मॅटेई योजना' मांडली. त्यात भर मुख्यतः ऊर्जेवर आणि स्थलांतर रोखण्यावर होता. आधी आम्हाला विचारले असते तर बरे झाले असते, असे आफ्रिकी संघाच्या आयोगाच्या अध्यक्षांनी तिथेच सुनावले. पण इटलीने कधी काळी बळाने व्यापलेल्या इथिओपियात आज तीनचाकीला लोक काय म्हणतात? 'बजाज'. पियाजिओकडूनच परवाना घेऊन सुरुवात केलेल्या पुण्याच्या कंपनीचे नाव! पियाजिओही आफ्रिकेत तीनचाकी पाठवते, तीही भारतातून.

आता प्रश्न काय आहे?

भारत-इटलीचा २०२५ ते २०२९ चा कृती आराखडा ठरला आहे, त्यात संरक्षणापासून ऊर्जेपर्यंत सगळे आहे. बारामतीच्या कामगाराला मात्र वेगळी चिंता असायला हवी. डिझेल ॲपेचे दिवस भरत आले आहेत आणि तीनचाकींचा बाजार झपाट्याने बॅटरीकडे वळतो आहे. विजेवरच्या गाडीत इंजिनच नसते, त्यामुळे इंजिनाचे भाग बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांचे काम कमी होते. बॅटरीचे सेल आणि मोटारीतील चुंबके मोठ्या प्रमाणात चीनमधून येतात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मिळ खनिजे आणि चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध आणले, तेव्हा भारतीय वाहन कंपन्यांची धावपळ उडाली होती. त्या टंचाईवर ना दिल्लीकडे तोडगा तयार होता, ना रोमकडे.